जेरुसलेममधला वल्हांडण: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

संशोधनाच्या कामासाठी मी जेरुसलेममध्ये दोन वर्षे राहिले आणि तेवढ्या काळात तिथले दोन वल्हांडण पाहिले. पहिल्या वर्षी नीट सांगणारे कुणी नव्हते. सण ज्या संध्याकाळी लागतो त्या दिवशी दुपारी साडेचारला मी दूध आणि भाजी आणायला बाहेर पडले, तर कोपऱ्यावरच्या दुकानाचे शटर खाली होते, ट्राम बंद झाली होती आणि एरवी गजबजलेल्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. पुढचा दीड दिवस मी खोलीतल्या बटाट्यांवर आणि कोऱ्या चहावर काढला. दुसऱ्या वर्षी मूळच्या अलिबागकडच्या, घरात अजून मराठी बोलणाऱ्या एका ज्यू कुटुंबाने मला सणाला घरी बोलावले. हा सण घरातल्या टेबलाभोवती साजरा होतो आणि पाहुण्याची सगळी तयारी त्या एका टेबलापर्यंत वेळेवर पोहोचण्यासाठी असली पाहिजे, हे मला तेव्हा उमगले. फिरायला जाणाऱ्यांना, तसेच शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिथे नुकत्याच पोहोचलेल्या मराठी माणसांना माझ्यासारखी अडचण येऊ नये, म्हणून हे क्रमाने लिहीत आहे.

आधी नावाविषयी थोडेसे. मराठी बायबलमध्ये या सणाला 'वल्हांडण' म्हटले आहे आणि हिब्रूत त्याला 'पेसाह' म्हणतात. इजिप्तच्या गुलामगिरीतून इस्राएली लोकांची सुटका झाली, त्याची ही आठवण आहे. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी बोलणारे ज्यू, पूर्वी याला 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत, कारण घरातली आंबट रसाची बरणी या दिवसांत झाकून ठेवायची असे. आंबवलेले काहीही घरात नको, हा या सणाचा मुख्य नियम त्या एका नावातच आला आहे.

१. तारखा नीट समजून घ्या

सर्वात जास्त घोटाळा इथे होतो. ज्यू दिनदर्शिकेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे कॅलेंडरवर 'पेसाह, २२ एप्रिल' असे छापले असेल, तर सण प्रत्यक्षात २१ एप्रिलच्या संध्याकाळी लागतो, आणि दुकाने व वाहने त्याच्याही काही तास आधी बंद होतात. इस्रायलमध्ये हा सण सात दिवसांचा असतो, तर इस्रायलबाहेरचे बहुतेक ज्यू आठ दिवस पाळतात. म्हणून मुंबईतल्या, लंडनमधल्या किंवा न्यूयॉर्कमधल्या कॅलेंडरवर विसंबून तिकीट काढू नका. सेदर नावाचे विधिपूर्वक भोजनही इस्रायलमध्ये एकाच रात्री असते. ती रात्र हुकली तर बाहेरदेशी मिळते तशी दुसरी रात्र इथे मिळत नाही.

सात दिवसांपैकी पहिला आणि सातवा हे पूर्ण सणाचे दिवस असतात. मधले पाच दिवस 'होल हामोएद' म्हणजे अर्ध्या सणाचे असतात. त्या दिवसांत बस, ट्राम, बाजार, संग्रहालये चालू असतात. शाळा मात्र बंद असल्यामुळे सगळा देश सहकुटुंब फिरायला बाहेर पडलेला असतो.

२०२७ साली सेदरची रात्र बुधवारी, २१ एप्रिलला आहे. गुरुवार २२ एप्रिल हा पूर्ण सण, शुक्रवारी दुपारपासून शब्बाथाची, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची तयारी, शनिवार शब्बाथ. म्हणजे बुधवार दुपार ते शनिवार रात्र या काळात खरेदीसाठी आणि प्रवासासाठी फक्त शुक्रवारची सकाळ हाताशी उरते. सातवा दिवस मंगळवारी, २७ एप्रिलच्या संध्याकाळी लागून बुधवारी रात्री संपतो. २०२८ साली सेदर सोमवारी, १० एप्रिलला असून सण १७ एप्रिलच्या रात्री संपतो. आपल्या वर्षाचा असाच तक्ता कागदावर मांडा आणि प्रत्येक दिवसापुढे 'चालू', 'अर्धा' किंवा 'बंद' असे लिहा. मी दुसऱ्या वर्षी हा कागद फ्रिजवर लावला होता आणि आठवडाभर दर सकाळी तो पाहत होते.

ख्रिस्ती सणही पाहून ठेवा. काही वर्षी ईस्टर आणि वल्हांडण एकाच आठवड्यात येतात, तेव्हा जुन्या शहरात पाय ठेवायला जागा नसते आणि मुक्कामाचे दर खूप चढतात. २०२७ साली पाश्चात्त्य ईस्टर २८ मार्चला आणि ऑर्थोडॉक्स ईस्टर २ मेला असल्यामुळे त्या वर्षी ही गर्दी विभागली जाईल.

२. कागदपत्रे आणि निघण्यापूर्वीची कामे

इस्रायलने जानेवारी २०२५पासून भारतीय पर्यटकांसाठी ई-व्हिसाची सोय सुरू केली आहे. अर्ज निदान महिनाभर आधी करावा, कारण सणाच्या दिवसांत तिथली सरकारी कार्यालये बंद असतात किंवा कमी वेळ चालतात. जवळ पुढील गोष्टी ठेवा:

- परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट आणि व्हिसाची छापील प्रत
- परतीचे तिकीट आणि मुक्कामाच्या आरक्षणाचा कागद
- अलीकडचे बँक विवरण आणि नोकरीचे किंवा शिक्षणसंस्थेचे पत्र
- प्रवासविमा, ज्यात प्रवास रद्द झाल्यास किंवा लांबल्यास भरपाई आहे की नाही हे वाचून पाहिलेले असावे
- कुणाच्या घरी जाणार असाल, तर यजमानांचे निमंत्रणपत्र, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक

शेवटचा कागद अनेक जण नेत नाहीत. विमानतळावर 'कुणाकडे जाणार, ओळख कशी झाली, पूर्वी कुठे कुठे गेला होतात' असे पुष्कळ प्रश्न विचारतात, आणि ते सर्वांनाच विचारतात. शांतपणे, खरी आणि थोडक्यात उत्तरे द्यावीत. पासपोर्टवर शिक्का न मारता एक छोटी निळी चिठ्ठी देतात. ती मुक्काम संपेपर्यंत जपून ठेवा, हॉटेलवाले ती मागतात.

सुरक्षिततेविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. या प्रदेशातली परिस्थिती झपाट्याने बदलते. तिकीट काढताना आणि पुन्हा निघायच्या आठवड्यात भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची आणि तेल अवीवमधल्या भारतीय दूतावासाची सूचना वाचा, आणि सूचना प्रतिकूल असेल तर जाऊ नका. शक्य असेल तर रद्द केल्यावर पैसे परत मिळणारेच तिकीट घ्या. तिथे पोहोचल्यावर इस्रायलच्या होम फ्रंट कमांडचे (नागरी संरक्षण विभागाचे) ॲप फोनवर घ्या आणि इमारतीतली सुरक्षित खोली किंवा आश्रयस्थान कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून पाहून या. जेरुसलेममध्ये शब्बाथ आणि सण लागताना भोंगा वाजतो. एकाच सुरात लांबवर वाजणारा भोंगा सणाचा असतो, तर वरखाली होत जाणारा आवाज धोक्याचा. हा फरक माहीत नसला तर पहिल्या संध्याकाळी माणूस विनाकारण घाबरतो.

३. कधी पोहोचावे आणि कुठे उतरावे

सेदरच्या दोन दिवस आधी पोहोचावे. बेन गुरियन विमानतळाहून जेरुसलेमच्या यित्झाक नावोन स्थानकापर्यंत वेगवान रेल्वे आहे आणि साधारण पंचवीस मिनिटांत शहरात सोडते, परंतु शब्बाथाला आणि पूर्ण सणाच्या दिवशी ती धावत नाही. एल आल या इस्रायली कंपनीची विमानेही त्या दिवशी उडत नाहीत. शहरातील बस आणि ट्रामसाठी 'राव-काव' हे कार्ड घ्या आणि सणापूर्वीच त्यात पैसे भरून ठेवा.

मुक्काम निवडताना किमतीपेक्षा पायी अंतर जास्त महत्त्वाचे आहे. सेदर ज्या घरी आहे तिथून किंवा जुन्या शहराच्या याफा दरवाजापासून अर्ध्या तासाच्या चालीवर राहण्याची सोय असेल, तर बंद दिवसांचा त्रास निम्मा होतो. शहर डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले असल्यामुळे चढउतार बराच आहे आणि एप्रिलच्या रात्रीही गारठा असतो. स्वेटर आणि चांगली पायताणे हवीतच.

भाड्याची खोली घेणार असाल, तर घरमालक सण कितपत पाळतात हे आधीच विचारून घ्या. काही घरांत एखाद्या कपाटाला कागद आणि चिकटपट्टी लावून ते बंद केलेले असते. आतल्या आंबवलेल्या वस्तू सणापुरत्या दुसऱ्या धर्माच्या माणसाला रीतसर विकलेल्या असतात आणि त्या काळात ते कपाट घरमालकाच्याही मालकीचे नसते. ते उघडू नका.

४. 'हामेत्स' म्हणजे काय, आणि आपल्या पिशवीत ते कुठे दडलेले असते

गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांचे पीठ पाण्याशी मिसळून अठरा मिनिटांपेक्षा जास्त राहिले, की ते आंबले असे मानतात. ते 'हामेत्स'. सणाच्या दिवसांत ते खायचे नाही आणि ज्यू माणसाने जवळही बाळगायचे नाही. १९८६च्या कायद्यानुसार ज्यू वस्तीत विक्रीसाठी ते उघडपणे मांडताही येत नाही. त्यामुळे सुपरमार्केटमध्ये पाव, बिस्किटे, पास्ता यांचे आख्खे रॅक पांढऱ्या प्लॅस्टिकने झाकलेले दिसतात. त्यातले काही काढून काउंटरवर नेऊ नये. घरातल्या बंद कपाटासारखेच देशाच्या मालकीचे हामेत्सही सणापुरते विकले जाते. अनेक वर्षे ते जेरुसलेमजवळच्या अबू घोश गावातले एक अरब गृहस्थ विकत घेत आणि सण संपला की व्यवहार उलटवला जाई.

आपली चूक होते ती अशी, की आपण 'यीस्ट नाही म्हणजे चालेल' असे धरून चालतो. पोळीत यीस्ट नसते, तरी रोज भिजवून झाकून ठेवलेल्या कणकेची पोळी हामेत्सच ठरते. शंकरपाळे, करंज्या, रव्याचे लाडू, शेवया यांतले काहीही भेट म्हणून नेऊ नका. इतकेच नव्हे, तर आपल्या डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. मावशींनी (माझ्या यजमानांना मी मावशीच म्हणते) माझ्या पिशवीतली हिंगाची डबी हातात घेतली, मागचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचला आणि ती रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्यांकडे ठेवून यायला मला हसत हसत पाठवले. ते शेजारी अरब होते आणि दर वर्षी कुणाचे ना कुणाचे काही तरी सांभाळायची त्यांना सवय होती.

दुसरा गोंधळ तांदूळ आणि डाळींचा आहे. युरोपातून आलेले अश्केनाझी ज्यू या सणात तांदूळ, कडधान्ये, मका, मोहरीसुद्धा वर्ज्य मानतात; या गटाला 'किटनियोत' म्हणतात. मध्यपूर्वेतून आलेल्या बहुतेक ज्यूंच्या आणि बेने इस्राएलांच्या घरी भात चालतो. म्हणून वेष्टनावर दोन प्रकारचे शिक्के असतात: 'काशेर ले-पेसाह' (म्हणजे पेसाहला धर्मनियमाप्रमाणे चालणारे) आणि 'किटनियोत खाणाऱ्यांसाठी काशेर ले-पेसाह'. हिब्रू येत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून पाहावे. मात्र भात चालतो म्हणजे कोणताही तांदूळ थेट पातेल्यात जातो असे नाही. मावशींनी मला दुपारीच बोलावले होते, आणि गेल्याबरोबर "आत ये गं, चपला तिथंच राहू दे, हात धू आणि बस इथं" म्हणून पांढऱ्या कापडावर तांदूळ निवडायला बसवले. चुकून एखादा गव्हाचा दाणा राहू नये म्हणून तांदूळ तीनदा निवडायचा असतो. आईजवळ बसून ताटात तांदूळ निवडलेल्या माणसाला हे काम शिकवावे लागत नाही. तिसऱ्या खेपेला मला खरोखरच गव्हाचा एक दाणा सापडला आणि मावशींनी तो दोन बोटांत धरून खिडकीबाहेर टाकला.

शाकाहारी माणसाने घाबरू नये. अंडी, दही, चीज, बटाटे, रताळी, भाज्या, खजूर, बदाम, अक्रोड आणि वसंतातल्या स्ट्रॉबेरी मुबलक मिळतात. परंतु आपल्या उपवासाचा हिशेब इथे लावू नका. वरई आणि शेंगदाणे उपवासाला चालतात, अश्केनाझी घरात मात्र चालत नाहीत. यजमानांना 'मी मांस-मासे खात नाही' हे निदान आठवडाभर आधी कळवा, कारण सेदरच्या जेवणात कोंबडीचे सार, मासे, मटण हेच मुख्य असते आणि त्या रात्री ऐन वेळी वेगळे काही करता येत नाही.

५. आदल्या दिवसाची सकाळ: खरेदी आणि पाहण्यासारखे

आठ वाजता घराबाहेर पडा. महाने येहूदा बाजारातली खरेदी अकराच्या आत आटपा. त्यानंतर तिथे धक्काबुक्की असते आणि दुपारी सगळे बंद. दोन दिवसांचे पाणी, दूध, फळे, मात्सा (या सणातली न आंबवलेल्या पिठाची कोरडी, पातळ भाकरी), औषधे एकदमच घ्या. औषधांची दुकाने आणि बँकाही बंद राहतात, थोडे शेकेल (इस्रायली चलन) रोख जवळ ठेवा. पोलिसांसाठी १०० आणि रुग्णवाहिकेसाठी १०१ हे क्रमांक आहेत.

मग गेऊला आणि मेआ शेआरीम या वस्त्यांकडे चालत जा. सणाआधीच्या दिवसांत तिथे रस्त्याच्या कडेला पाण्याचे मोठाले हंडे उकळत असतात. लोक घरातली पातेली, डाव, काटे-चमचे जाळीत घालून त्यात बुडवून काढतात, म्हणजे वर्षभराचा हामेत्सचा अंश निघून जातो. सण ज्या संध्याकाळी लागतो त्या दिवशी सकाळी मोकळ्या जागांवर उरलासुरला पाव जाळतात आणि शहरभर धुराचा वास पसरतो. ही वस्ती अतिशय धर्मनिष्ठ आहे. स्त्रियांनी कोपर आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत, पुरुषांनी अर्ध्या चड्डीत जाऊ नये, आणि माणसांचे, विशेषतः मुलांचे फोटो न विचारता काढू नयेत.

६. सेदरची रात्र

निमंत्रण मिळवण्यासाठी संकोच करू नका. 'जो भुकेला असेल त्याने यावे आणि जेवावे' हे वाक्य त्या रात्री प्रत्येक टेबलावर मोठ्याने म्हटले जाते, आणि लोक ते मनापासून म्हणतात. विद्यापीठातले सहकारी, घरमालक, ओळखीचे बेने इस्राएल कुटुंब यांपैकी कुणालाही महिनाभर आधी 'माझे सेदर कुठे ठरलेले नाही' असे सांगा. कुणीच ओळखीचे नसेल, तर हॉटेलांत आणि काही सामुदायिक संस्थांत पैसे भरून सेदर असते. जागा आधी राखावी लागते.

भेट काय न्यावी? ताजी फुले सर्वांत निर्धोक, पण ती सण लागण्यापूर्वी पोहोचवावीत. वाइन न्यायची तर बंद बाटलीवर 'काशेर ले-पेसाह' पाहूनच घ्या. घरी केलेला पदार्थ कितीही प्रेमाने केलेला असला तरी नेऊ नका.

एकवीस एप्रिलच्या सुमारास जेरुसलेममध्ये सूर्यास्त सव्वासातला होतो. सेदर अंधार पडल्यावर सुरू होते आणि मध्यरात्रीनंतर संपते. प्रत्यक्ष जेवण साडेनऊ-दहाशिवाय ताटात येत नाही, म्हणून चार-पाच वाजता पोटभर काही खाऊन घ्या. परतीची सोय आधी ठरवा. एक तर पायी जाण्याइतके जवळ राहा, नाही तर यजमानांकडेच मुक्काम करा. अरब चालकांच्या टॅक्सी मिळतात, पण सण पाळणाऱ्या घराच्या दारात गाडी उभी करू नये, कोपऱ्यावरच उतरावे.

टेबलावर एक मोठे ताट असते. त्यात गुलामगिरीच्या कडूपणासाठी कडू पाला किंवा किसलेले हॉर्सरॅडिश, विटा रचण्याच्या चिखलाची आठवण म्हणून खजूर-सुक्यामेव्याचे गोड 'हारोसेत', मिठाच्या पाण्यात बुडवायची पालेभाजी, उकडलेले अंडे आणि भाजलेले हाड असते. शेजारी तीन मात्सा एकावर एक झाकलेल्या. सगळा क्रम 'हागादा' नावाच्या पोथीतून वाचला जातो. कुणी तुमच्यासाठी इंग्रजी भाषांतराची प्रत ठेवेलच. पण ही पोथी मराठीतही आहे, हे आपल्याला ठाऊक असावे. ती मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली छापली गेली, आणि पुण्याच्या प्रतीतल्या चित्रांत मात्सा करणाऱ्या बायका चक्क लुगड्यात आहेत. घरातले सर्वांत लहान मूल 'आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का?' असे विचारते आणि मोठी माणसे उत्तर म्हणून सगळी कथा सांगतात. मिसर देशावरच्या दहा पीडांची नावे घेताना प्रत्येक जण बोटाने पेल्यातल्या वाइनचा एकेक थेंब काढून ताटलीत टाकतो, कारण शत्रूच्या दुःखावर आपला पेला काठोकाठ भरलेला नसावा, असे मला तिथे सांगण्यात आले.

वाइनचे चार पेले असतात. वाइन घेत नसाल तर द्राक्षांचा रस मागा, कुणी गैर मानत नाही. मावशींकडे मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळलेले सरबत होते. कोकणात वाइन मिळत नसे तेव्हापासूनची ही बेने इस्राएलांची रीत आहे. मात्सा कोरडी असते आणि ती भरपूर खायला सांगतात. सोबत पाणी पीत राहा.

पाहुण्याने लक्षात ठेवण्याच्या बारीक गोष्टी: फोन बंद करून पिशवीत ठेवा, टेबलावर नको. फोटो नाही, टिपणे नाहीत, कारण सणाच्या दिवशी लिहीतही नाहीत. न्हाणीघरातला दिवा सण लागण्यापूर्वीच लावून ठेवलेला असतो, त्याला हात लावू नका. आमच्या घरात बाहेर पडताना दिवा मालवण्याची शिस्त असल्याने माझा हात सवयीने बटणाकडे गेला आणि दिवा गेला. सण पाळणारे बटण दाबत नाहीत, दिवा परत लावायला मलाही सांगत नाहीत. पुढची चोवीस तास घरातली आठ माणसे अंधारात चाचपडत होती आणि मला कुणी एका शब्दाने बोलले नाही. मला आजही त्याचे वाईट वाटते. शिवाय न्हाणीघरात टॉयलेट पेपरचे तुकडे आधीच फाडून ठेवलेले असतात, तेच वापरा.

जेवणानंतर, बरीच रात्र झाल्यावर, एलिया संदेष्ट्यासाठी एक पेला भरतात आणि घराचे दार उघडतात. बेने इस्राएलांच्या घरी या एलियाला, म्हणजे त्यांच्या एलियाहू हन्नाबीला, मोठा मान. एरवी त्याच्या नावाने पोहे, ओले खोबरे आणि फळे घालून मलिदा करतात. मावशींच्या नातवाने दार उघडले तेव्हा जिन्यातला गार वारा आत आला आणि समोरच्या बिऱ्हाडाचे दारही त्याच क्षणी उघडले. वरच्या मजल्यावरचेही. पायऱ्यांवर तीन घरांतला उजेड पडला होता आणि तिन्ही घरांतून वेगवेगळ्या चालींत तेच शब्द येत होते. शेवटी जगभरचे ज्यू 'पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये' म्हणतात. जेरुसलेममध्ये मात्र 'पुन्हा उभारलेल्या जेरुसलेममध्ये' असे म्हणतात.

७. पहिला दिवस: पायी जुने शहर

उशिरा उठा, सगळे शहर उशिरा उठते. भेटेल त्याला 'हाग समेआह', म्हणजे 'सण आनंदाचा जावो', म्हणा. ज्यू वस्तीतून पश्चिम भिंतीकडे, म्हणजे ज्यूंच्या सर्वांत पवित्र प्रार्थनेच्या जागेकडे, चालत जा. पुरुषांनी डोके झाकावे, स्त्रिया आणि पुरुषांचे विभाग वेगळे आहेत, आणि सणाच्या दिवशी तिथे फोटो काढणे किंवा फोन वापरणे मना आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती वस्तीतली दुकाने मात्र चालू असतात. दमास्कस दरवाजाजवळ तीळ लावलेला, लांबट कड्यासारखा 'काआक' पाव गाडीवर विकतात. भूक लागली असेल तर तिथेच बसून खा. हातात पाव घेऊन ज्यू वस्तीत किंवा पुढे ट्राममध्ये जाऊ नका. कुणी अडवणार नाही, पण पाहणाऱ्याचे मन दुखावते.

अल-अक्सा मशिदीच्या आवारात या आठवड्यात तणाव असतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिकडचा बेत दुसऱ्या वेळेसाठी ठेवावा, असे माझे मत आहे.

८. मधले दिवस

आता अभिवादन बदलते: 'मोअदीम ले-सिमहा', म्हणजे 'सणाचे दिवस आनंदाचे जावोत'. या दिवसांतल्या एका सकाळी पश्चिम भिंतीपाशी कोहेन या पुरोहित घराण्यातले शेकडो पुरुष डोक्यावरून पांढरी वस्त्रे ओढून घेऊन हजारोंच्या समुदायाला एकत्र आशीर्वाद देतात. साधारणपणे ते होल हामोएदच्या दुसऱ्या दिवशी होते, पण त्या वर्षीची जाहीर तारीख पाहून घ्या. सकाळी सातच्या आत पोहोचा, पिशवी लहान ठेवा, पाणी न्या.

इस्रायल संग्रहालयासाठी अर्धा दिवस तरी काढा. मृत समुद्राकाठी सापडलेल्या गुंडाळ्या सगळेच पाहतात; आपण तिथले कोचीचे कडवुंभागम सभागृहही (ज्यूंचे प्रार्थनामंदिर) पाहावे. केरळच्या सुतारांनी कोरलेले त्याचे लाकडी अंतरंग तिथे आणून उभे केले आहे. लहान मुले सोबत असतील तर दाविदाच्या नगरीतला हिज्कियाचा बोगदा त्यांना आवडेल. सुमारे ५३३ मीटर अंधारात, घोट्यापासून मांडीपर्यंत थंड पाण्यातून चालायचे असते. विजेरी आणि पाण्यात चालणारी पायताणे न्या, आणि वेळ आधी राखून ठेवा, कारण सुट्टी असल्याने रांग फार मोठी असते. जुन्या शहरात हेरोद दरवाजाजवळ सूफी संत बाबा फरीद यांच्या स्मृतीशी जोडलेली भारतीय धर्मशाळा आहे. आधी परवानगी घेऊन जावे.

उपाहारगृहांचे दोन प्रकार पडतात. काही आठवडाभर बंद असतात, काही बटाट्याच्या पिठाचा पाव वगैरे देऊन चालू असतात. पाटीवर सणाचे प्रमाणपत्र आहे का, ते पाहा. एरवी स्वस्तात पोट भरणारे फलाफल या दिवसांत पिटाशिवाय मिळते किंवा मिळतच नाही.

९. सातवा दिवस आणि मिमूना

सातव्या दिवसाचे नियम पहिल्यासारखेच, म्हणून आदल्या दुपारपर्यंत पुन्हा खरेदी उरका. परतीचे विमान या दिवशी किंवा त्याच रात्री घेऊ नका. रेल्वे उशिरा सुरू होते, आणि मुख्य म्हणजे मिमूना हुकते.

मिमूना हा सण संपल्याचा उत्सव. सण संपलेल्या रात्री मोरोक्कोहून आलेली ज्यू कुटुंबे घराची दारे उघडी ठेवतात आणि ओळख नसलेल्यालाही आत घेतात. सर्वांत आधी पीठ भिजते, आणि 'मोफ्लेता' नावाच्या पातळ घडीच्या पोळ्या तव्यावर एकावर एक पडू लागतात. त्या लोणी आणि मध लावून गरम खायच्या. रिकाम्या हाताने गेलात तरी चालते. रात्री नऊनंतर निघा, कारण आठवडाभर बंद ठेवलेली भांडी बाहेर काढायला त्यांना तासभर लागतो. ज्या घरातून गाणी ऐकू येतील तिथे दारात उभे राहून 'तिर्बहू वे-तिसअदू' म्हणा, म्हणजे 'तुमची भरभराट होवो'. मावशींनी मला हे वाक्य जिना उतरता उतरता तीनदा म्हणायला लावून पाठ करून घेतले होते. पहिल्याच दारात एका आजीबाईंनी माझा हात धरून मला थेट तव्यापाशी नेले आणि पहिली मोफ्लेता लाटायला लाटणे हातात दिले. त्यांच्याकडे ती हाताने पसरवतात, पण मी भारतातली म्हटल्यावर त्यांनी शेजारून लाटणे मागवून घेतले.